पालक क्रमांक आठ

पंजाबी सिनेमात मला नेहमी प्राचार्यांची भूमिका मिळते. कधी न्यायाधीश, एकदा स्त्रीरोगतज्ज्ञ. कॉटनची साडी, चष्मा आणि नाराज चेहरा एवढं भांडवल पुरतं. चंदीगडमधल्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. तिथे मात्र मी प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभी असते, हातात रजेचा अर्ज घेऊन.

लोक विचारतात, शिकवणं, अभिनय आणि स्वतःचा सिनेमा या सगळ्याचा तोल कसा सांभाळता. तोल वगैरे काही नसतो. वर्षाला मोजक्या किरकोळ रजा असतात आणि त्या ज्याच्या हातात असतात तो माणूस असतो. माझा सिनेमा तीन हिवाळे चालला तो यामुळेच. सुट्टी डिसेंबरात, म्हणून सिनेमातली सगळी माणसं स्वेटर घालून दुःख करतात. प्रेक्षकांना ती माझी दृष्टी वाटेल. ते विद्यापीठाचं वेळापत्रक आहे.

सिनेमा मराठी. सरकारी नोकरीत उत्तरेकडे बदली झालेला एक बाप कधीच घरी परतत नाही, आणि त्याची मुलगी मोठी झाल्यावर त्याला विचारते की का परतला नाहीस. मुलगी मी. पर्याय नव्हता म्हणून. बाप झाले होते ते आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक काका. हिशेब तपासनिसांच्या खात्यातून निवृत्त, मूळचे अमरावतीकडचे, तीस वर्षं इथे. अभिनयाचा अनुभव शून्य, पण चेहरा असा की कॅमेरा समोर धरला तर तोच विचारात पडावा. पिंजौरच्या बस स्टँडवर आम्ही एका डिसेंबरात दिवसभर शूटिंग केलं, तेव्हा दोघातिघांनी त्यांना कालक्याची बस किती वाजता असं विचारलं होतं. इतके ते तिथलेच वाटत होते.

एकच सीन राहिला होता. बाप मुलीला उत्तर देतो तो. तो मला मार्चमध्ये हवा होता, कारण मार्चमध्ये इथली झाडं पानं गाळतात आणि ऊन असूनही रस्त्यांवर शिशिर असतो. दोन वर्षं मार्चमध्ये परीक्षा आडव्या आल्या. तिसऱ्या वर्षी काकांनी घर रिकामं केलं. एक मुलगा नागपूरला स्थायिक झाला होता, काकूंची तीस वर्षांची इच्छा होती, अमरावतीत फ्लॅट घेतला होता. काकू आठवडाभर आधी जाऊन तिकडे सामान लावत होत्या. काकांची गाडी शनिवारी सकाळी होती. म्हणजे माझ्याकडे शुक्रवार होता.

शुक्रवारी कॉलेजात मूल्यांकन समिती यायची होती.

ज्यांनी ही समिती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहेरून काही विद्वान येतात आणि कॉलेज खरंच आहे का ते तपासतात. ते यायच्या आधी सहा महिने शिकवणं सोडून सगळं चालतं. कुंड्या येतात. भिंतीवर सुविचार येतात. जी संशोधन केंद्रं कुणी पाहिली नव्हती त्यांच्या दारावर पाट्या येतात. माझ्याकडे 'पालक संवाद' होता. आठ पालक बसवायचे, समिती त्यांना प्रश्न विचारणार.

"रजा? मॅडम जी, उस दिन तो मैं मर भी जाऊँ तो हाज़िरी लगा के मरूँगा," प्राचार्य म्हणाले.

तेव्हा मी असं ठरवलं की पालक संवाद दोनला संपेल, चारपर्यंत समिती बंद दाराआड बसेल, आणि तेवढ्या वेळात हॉस्टेलच्या मागच्या रस्त्यावर मी सीन उरकेन. काकांना दुपारी एक वाजता कॉलेजात बोलावलं. कॅमेऱ्याला आमचा नेहमीचा मुलगा होता, मूळचा सांगलीचा, मोहालीच्या एका आयटी कंपनीत नोकरीला. तो कंपनीला आजारी असल्याचं कळवून आला. कुणी कुणाला काय कळवलं होतं याची त्या दिवशी मोजदाद नव्हती.

दीड वाजता आठपैकी सात पालक आले. आठव्यांना बत्तीस सेक्टरच्या सरकारी हॉस्पिटलात तपासणीचा नंबर लागला होता, आणि तो नंबर सोडा असं कुठल्याच माणसाला सांगता येत नाही. प्राचार्य व्हरांड्यात आले. त्यांनी खुर्च्या मोजल्या, मग माणसं मोजली. बाकावर काका बसले होते. इस्त्रीचा शर्ट, बिनबाह्यांचा स्वेटर, मांडीवर टोपी, सगळं आमच्या सिनेमातल्या बापाचं.

"ये अंकल कौन हैं?"

"माझे अ‍ॅक्टर आहेत, सर," मी हिंदीत सांगितलं. "सिनेमात बाप करतात."

प्राचार्यांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तो यहाँ भी कर लेंगे. बीस मिनट दे दो मॅडम. फिर सारा कैंपस आपका. लाइट, जनरेटर, जो चाहिए."

मी 'नाही' म्हणू शकले असते. राज्यशास्त्र शिकवते, सत्तेला नाही कसं म्हणायचं यावर दर वर्षी चार तास घेते. पण मला तो रस्ता हवा होता, कुणी हटकणार नाही याची खात्री हवी होती. मी काकांकडे पाहिलं.

"बसतो ना जी," काका म्हणाले. "पंखा तरी आहे तिथं."

समितीचे अध्यक्ष मोठे सौम्य गृहस्थ होते. सात पालकांनी सांगितलं की कॉलेज उत्तम आहे, शिक्षक उत्तम आहेत, कँटीन उत्तम आहे. एका बाईंनी पार्किंगही उत्तम आहे असं सांगितलं तेव्हा अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. मग ते काकांकडे वळले. मुलगी कोणत्या वर्षाला?

"थर्ड इयर. मॅडम की स्टूडेंट है," काका म्हणाले. त्यांना दोन मुलगे आहेत.

"आप तो महाराष्ट्र के हैं. घर नहीं लौटे? बेटी को यहीं क्यों पढ़ाया?"

हा प्रश्न जवळजवळ माझ्या पटकथेतला होता. पटकथेतलं उत्तरही काकांना पाठ होतं: दर वर्षी बदलीचा अर्ज केला, सरकारनं सोडलं नाही. तालमीत ते हे वाक्य लेखापरीक्षणाचा आक्षेप वाचावा तसं वाचायचे. मला वाटलं, तेच हिंदीत येईल आणि संपेल.

काकांनी टोपी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली.

"साहब, ऑर्डर दो बार आया था. घर के पास का. दोनों बार मैंने लिख के दिया कि नहीं जाना. मिसेस को बोला, सरकार छोड़ती नहीं. वो हर साल मार्च में पेटी उतारती थी, पोंछती थी, फिर ऊपर रख देती थी. मैं स्टूल पकड़ता था."

अध्यक्षांनी हळूच विचारलं, का नाही गेलात?

"वहाँ मैं किसी का बेटा था, किसी का बड़ा भाई, किसी का जमाई. सबका कुछ न कुछ देना था. यहाँ मैं मकान नंबर था. बहुत आराम था, साहब." त्यांनी टोपीची कड सरळ केली. "अब उसको कैसे बोलूँ. अब तो जा रहे हैं."

एक सदस्य चष्मा पुसायला लागले. अध्यक्ष म्हणाले, फार प्रामाणिक अभिप्राय, आणि वहीत काहीतरी लिहिलं. प्राचार्यांनी टाळ्या सुरू केल्या. मी दाराशी उभी होते. मला पहिली गोष्ट सुचली ती अशी की हाच माझा सीन आहे, आणि माझा कॅमेरा रस्त्यावर आहे. दुसरी गोष्ट, की हे काकांचं स्वतःचं असेल, सुचायला जरा वेळ लागला, हे मी लपवत नाही.

तीन वाजता आम्ही रस्त्यावर होतो. पानं भरपूर होती, ऊन तिरपं होतं.

"मॅडम, अर्धा तास आहे बघा. मग हॉस्टेलची सावली येतीय," सांगलीकर म्हणाला.

मी काकांसमोर बसले. "काका, मघाशी आत बोललात ना, तसंच बोला. मराठीत. पटकथा सोडून द्या."

"ते नाही."

"का?"

"ते अनोळखी लोक होते जी. ते उद्या आपापल्या गावी, मी माझ्या. तुमचा पिक्चर घरी पाहतील. तिले काही माहीत नाही."

"म्हणजे ते खरं होतं?"

काकांनी स्वेटरवरचं पान उचलून बाजूला टाकलं. "ऑडिटवाल्यालेच व्हाउचर मागता का बाई?"

मग ते पटकथेतलं वाक्य म्हणाले. दर वर्षी बदलीचा अर्ज केला, सरकारनं सोडलं नाही. सहा टेक झाले. सहाही वेळा आक्षेप क्रमांक आणि शेरा. मी मुलीच्या जागी बसून रडायचं काम केलं, ते बरं जमलं, कारण रडायला कारण होतं. सावली आली. काकांनी आम्हा दोघांना पेढे दिले आणि दुसऱ्या दिवशी गेले.

हे सगळं लिहू का, असं मी त्यांना नंतर फोनवर विचारलं. "लिहा," ते म्हणाले. "नाव टाकू नका. गाव बदला. आन् जाडजूड पुस्तकात लिहा, ती पातळच वाचते." त्याप्रमाणे केलं आहे.

दोन आठवड्यांनी माझ्या टेबलावर एक पेनड्राइव्ह आला. कॉलेजनं समितीच्या भेटीच्या चित्रीकरणासाठी लग्नाचा व्हिडिओवाला लावला होता, आणि पालक संवादाचं दस्तऐवजीकरण माझ्याकडे. समितीच्या मागे कोपऱ्यात उभा असलेला तो त्या दिवशी माझ्या किंवा काकांच्या लक्षातही आला नव्हता. दुपारी विभागात कुणी नव्हतं तेव्हा मी तो उघडला. सात पालकांवर व्हिडिओवाला कंटाळला होता, कॅमेरा फुलदाणीवर होता. काका बोलायला लागले आणि त्याच्यातली लग्नाची सवय जागी झाली. वधूपित्यावर जातात तसा तो अगदी संथ झूम करत गेला. मागचा फलक चौकटीबाहेर गेला, प्राचार्य गेले, काजूची बशी गेली. फक्त चेहरा राहिला. असा शॉट मला तीन हिवाळ्यांत घेता आला नव्हता.

मी तो माझ्या सिनेमात लावून पाहिला. बाप हिंदीत का बोलतो याला एका ओळीचं कारण पुरलं असतं. माझं रडणं त्याला जोडलं. सिनेमा तोवर सिनेमासारखा दिसत होता, आता तो झाला.

"हेच ठेवा ओ मॅडम," सांगलीकर म्हणाला. "काकांना कोण सांगायला जातंय? आपला पिक्चर आपण दोघं आणि ज्युरी, एवढेच बघणार."

तेवढ्यात प्राचार्यांनी बोलावलं. समितीच्या अहवालात पालकांच्या भावनिक बांधिलकीचा उल्लेख आला होता. अंकलची क्लिप कॉलेजच्या वेबसाइटवर टाकायची, आठवड्याभरात. त्यांच्या टेबलावर माझी पदोन्नतीची फाइल होती. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. बोलताना फक्त तिच्यावर हात ठेवून होते.

म्हणजे कॉलेजला तो चेहरा हवा होता आणि मलाही. माझं कारण उच्च दर्जाचं होतं, एवढाच फरक, आणि तोही माझ्याच मते. चार दिवस मी दोन्हीकडे हो म्हणत फिरले. वर्गात सामाजिक कराराचा सिद्धांत शिकवला. एका मालिकेत न्यायाधीश म्हणून अर्धा दिवस निकाल दिले. पाचव्या दिवशी काकांचा फोन आला. घर लागलं होतं, पाणी सकाळीच येतं, बाकी ठीक.

"आन् ही रोज विचारून राहिली, पिक्चर कधी येते म्हणून. बिल्डिंगीत सगळ्यायले सांगून ठेवलं तिनं. वरच्या मजल्यावर मोठा टीव्ही आहे, तिथं पाहणार म्हणते सगळे."

मी विचारलं, "काका, तो सीन..."

"तुम्ही कराल ते बरोबरच कराल," ते घाईनं म्हणाले. त्यांना त्या व्हिडिओवाल्याचं काहीच माहीत नव्हतं. मागे काकू कुणाला तरी खुर्च्या किती लागतील ते विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे गेले. सांगितलं की क्लिपचा आवाज खराब आहे, वापरता येणार नाही.

"पूरे दिन का, या सिर्फ़ अंकल का?"

"सिर्फ़ अंकल का, सर."

"मॅडम जी, आप फिल्मों में भी ऐसे ही करती हैं?"

दस्तऐवजात मी 'पालक क्रमांक आठ, ध्वनी सदोष' असं लिहून सही केली. क्लिप पुसली मात्र नाही. इतकी मी मोठी नाही. ती माझ्या हार्ड डिस्कमध्ये एका कंटाळवाण्या नावाखाली आहे, आणि दर काही महिन्यांनी मी ती उघडते. पदोन्नतीची फाइल अजून प्राचार्यांच्याच टेबलावर आहे. परवा तिच्यावर एक कुंडी ठेवलेली दिसली.

सिनेमात सहापैकी चौथा टेक आहे. एका छोट्या महोत्सवात तो दाखवला गेला. परीक्षकांनी लिहिलं की बापाच्या भूमिकेतला कलाकार शेवटच्या प्रसंगात कमी पडतो. बरोबर लिहिलं. मी काकांना ते कळवलं नाही, लिंक पाठवली.

रविवारी काकूंचा फोन आला. त्या पहिल्यांदाच स्वतः बोलत होत्या. वरच्या मजल्यावर एकवीस माणसं जमली होती, सगळे शेवटाला रडले, त्याही रडल्या.

"आमचं अगदी असंच झालं हो बाई," त्या म्हणाल्या. "दर साली वाटे, औंदा जाऊ. पेटीसुद्धा काढून ठेवू मी. सरकारनं सोडलंच नाही यायले. तुम्ही बरोबर दाखवलं. लोकायले वाटते, आम्हीच आलो नाही."

मागून काकांचा आवाज आला, चहा ठेवून राहिलो, तू घेतेस का म्हणून.

"हो, काकू," मी म्हणाले. "सरकारनं तुम्हाला फार अडकवलं."

"तेच तर," त्या म्हणाल्या, आणि काकांना सांगितलं, "घेतो ना, टाका माझाही."