लातुरात रुसायला पूल नाही

आमच्या घरात रुसण्याची जागा ठरलेली होती : गोदावरीवरचा पूल.

नांदेडला आबा, म्हणजे माझे वडील, घरात भांडले की चपला घालून थेट पुलावर जायचे आणि कठड्याला टेकून पाणी बघत उभे राहायचे. तासाभरानं घरातलं कुणीतरी भाजलेल्या शेंगांची पुडी घेऊन जायचं, आणि आबा शेंगा फोडत घरी यायचे. ना शोधाशोध, ना माफी! पूल बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही आला नसेल इतका उपयोग आम्ही त्याचा करून घेतला.

मग लातूर जिल्हा नवा झाला. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, तिथल्या कचेरीत नोकरी लागली आणि आम्ही सगळे तिच्या पगाराच्या मागं लातूरला आलो. जिल्हा झाला, कलेक्टर आला, लाल दिव्याची गाडी आली. पण गावाला नदी नाही, पूल नाही! (मांजरा आहे, पण ती लांब. आणि रुसलेला माणूस एस.टी.चं तिकीट काढून जात नसतो.) त्यात दुष्काळ. टँकर यायचा तो त्याला वाटलं तर.

मी तेव्हा चळवळीत होतो. म्हणजे पत्रकं लिहायचो, पोस्टरं चिकटवायचो. 'पाणी आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं!' ही घोषणा माझीच.

आणि नेमकं ते पाणी माझ्या बापाचं निघालं.

"घागर कुनी उपडी केली?" दुपारी आबांनी विचारलं.

"मी. खळ शिजवली."

"खळ? कशाला?"

"पोस्टरं चिकटवायला."

"कशाची पोस्टरं?"

"प्यायला पाणी न्हाई म्हणून."

टँकरपाशी धक्के खाऊन आबांनी ती घागर भरली होती. त्यांनी चपला घातल्या, खुंटीवरची पिशवी घेतली (पिशवी! नांदेडला कधी घेतली नव्हती!) आणि म्हणाले, "परतलो न्हाई तर नांदेडला गेलो समजा."

"ते गेले तर मीबी चालले," माय म्हणाली. "हितं कोन हौसेनं राहून राहिलंय?"

तासाभरानं तिनं सवयीनं शेंगांची पुडी माझ्या हातात दिली. "जा, पुलावरनं घिऊन ये त्यान्ला."

"कोणत्या पुलावरनं?"

माय खरंच नवल वाटून म्हणाली, "मंग हितली लोकं रुसल्यावर जातात तरी कुठं रं?"

इतका मूलभूत प्रश्न माझ्या एकाही पत्रकात नव्हता.

मी गंजगोलाईत आलो. नांदेडला वाट चुकलेला माणूस नदीच्या दिशेनं चालतो आणि घरी पोचतो. इथं मधे गोल बाजार आणि त्यातून फुटलेले सोळा रस्ते! मी दोनदा गोल फिरलो आणि दोन्ही वेळा त्याच चहाच्या टपरीपाशी उगवलो.

"भाऊ, हितं पूल कुठं हाय?"

चहावाला चमकला. "तुमी एकाच घरचे का? मघाशी एका म्हाताऱ्यानं हेच इचारलं. म्हणलं, पानीच न्हाई तर पूल कशाला? तर माझ्यावरच खेकसला!"

"कुठं गेले ते?"

"स्टँडाकडं."

पळत स्टँड गाठला. नांदेडची गाडी लागली होती, पण आत आबा नव्हते. कंडक्टरला विचारलं.

"पूलवाले बाबा का? इचारलं, गाडी गोदावरीच्या पुलावरनं जाती का? म्हणलं हाव. चढले. अन् तिकीट काढायच्या टायमाला उतरले! म्हणाले, पोरगं शेंगा घिऊन हितंच हिंडत बसंल. मी सांगितलं, रेणापूर रोडला नाल्यावर मोरी हाय, तिथं बसा."

ती मोरी मला माहीत होती. पहाटे मीच तिच्यावर पोस्टर चिकटवलं होतं! पण नांदेडच्या माणसाला ती पूल वाटेल कशी?

आबा मोरीच्या कठड्यावर बसले होते आणि उपरण्यानं एका शेळीला हाकलत होते.

"लई उशीर केलास."

"पूल सापडंना."

"मला सापडला. बूड टेकंल एवढा हाय." आबांनी पुन्हा उपरणं उगारलं. "हाड! हाड!"

"आबा, तिला कशाला हाकलून राहिलात?"

"पोस्टर चाटून राहिली ती! माझी घागर हाय त्यात!"

मी पुडी सोडली. दोघंही खालच्या नाल्याकडं तोंड करून शेंगा फोडायला लागलो. खाली तडकलेला गाळ होता आणि कुणाची तरी एक चप्पल. आबांनी सवयीनं टरफलं खाली टाकली आणि वाहत जातील म्हणून वाट बघितली. टरफलं पडली तिथंच पडून राहिली.

"घरी चलायचं?" मी विचारलं.

"ह्या शेंगा तर संपू दे."

एवढ्यात पाठीमागं 'चर्र' आवाज आला.

शेळीनं घोषणा खाल्ली होती. मागण्या खाल्ल्या होत्या. 'पाणी' तर आधीच गेलं होतं. अख्ख्या नव्या जिल्ह्यात माझ्या चळवळीचा लाभ झालेली ती एकटीच! खालच्या कोपऱ्यात माझं नाव तेवढं शिल्लक होतं. तिनं ते हुंगलं, आणि तसंच सोडून दिलं.