गोजरबाईच्या फोनातली खरी नावं

अंबरनाथ पूर्वेच्या गोजरबाईचा धंदा तोंडाचा. लग्नं जमवायची. वांगणीपासून उल्हासनगरपर्यंत कुणाच्या घरात लग्नाचं कोण बसलंय, हे घरच्यांच्या आधी तिला ठाऊक. तोंडावर ती सगळ्यांशी साखरपेरणी करून बोले. रिकाम्या पोराला 'व्यवसायाच्या विचारात आहे' म्हणायची आणि भांडकुदळ सासूला 'शिस्तीची'. मग खरं ठेवायचं कुठे? ते फोनात. लिहिण्याचं आणि तिचं कधी जमलं नाही, म्हणून माईकचं चित्र दाबून ती बोलायची, फोन लिहून घ्यायचा. नंबरापुढे नुसतं नाव घालून तिचं भागत नसे. 'उल्हासनगर कॅम्प दोन दुकान बापाचं पोरगा झोपतो.' 'वांगणी डॉक्टर म्हणे कंपाउंडर आहे.' फोन वाजला की अक्षरं लावत तेवढं वाचायचं आणि त्या मानाने साखर कमीजास्त करायची.

पुढे नको ते फोन यायला लागले. कुणी कर्ज देतंय, कुणी बँकेतून बोलतंय. शेजारीण म्हणाली, एक ॲप घ्या, उचलायच्या आधीच कोण आहे ते दिसतं. गोजरबाईने घेतलं. ॲपने विचारलं, तुमचे कॉन्टॅक्ट बघू का? मेसेज वाचू का? आता लग्न जमवणाऱ्या बाईच्या तोंडून नकार निघत नसतो. अगदी नको असलेलं स्थळसुद्धा ती 'कळवते हं' म्हणून वाटेला लावते. इथे 'कळवते' असं बटणच नव्हतं. तिने सगळ्यावर हो दाबलं आणि चहा टाकला.

त्याच सुमाराला राजसीचं जमत आलं होतं. वांगणीची राजसी दवाखान्यात नर्स. बाप गेल्यावर पाठच्या भावंडांना शिकवता शिकवता स्वतः पस्तिशीला आली. येणारे पोहे खायचे, वय विचारायचे आणि जायचे. बदलापूरच्या अवधूतने मात्र पोहे गार होऊ दिले, इतका तिच्याशी बोलत बसला. रविवारी साखरपुडा ठरला. हे मोडलं तर पुन्हा कुणासमोर बसणार नाही, असं राजसीने स्वच्छ सांगितलं होतं, आणि ते गोजरबाईच्या मनाला लागून राहिलं होतं.

शुक्रवारी अवधूतचे वडील दारात उभे. श्यामकांत, कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. राम राम नाही, काही नाही.

"गोजरबाई, साखरपुड्याच्या साडीसाठी मी उल्हासनगरच्या दुकानात फोन लावला. तो सिंधी शेठ काय म्हणाला माहितीय? 'बोलिए साईं, बदलापूर बाप चिकट मुलगा सोनं. ये कैसा नाम है?' त्याच्या मोबाईलवर माझं हे नाव येतं. माझ्या साडूच्या मोबाईलवरही हेच. बाप-मुलगा जोडीने तोलून अशी नावं ठेवणारी, लग्नं जमवणारी माझ्या ओळखीत एकच बाई आहे."

गोजरबाईने पदराने खुर्ची पुसली. "बसा तरी. पाणी देते."

"पाणी नको. रविवारचं रद्द समजा."

आतून सून आली, सुषमा. तिने सासूच्या हातातला फोन घेतला आणि दोन ठिकाणी बोट मारून कपाळाला हात लावला. "आई, त्या ॲपला तुम्ही कॉन्टॅक्ट बघू दिलेत?"

"बघू का म्हणालं. बघायला काय जातंय?"

"ते नुसतं बघत नाही. सगळी नावं नंबरांसकट उचलून नेली त्याने. आता ज्याच्या फोनात ते ॲप आहे, त्याला काकांनी फोन केला की तुम्ही ठेवलेलं नाव दिसतं."

"अगं बाई. मग त्या कंपाउंडरचंही?"

"सगळ्यांचं."

गोजरबाईने फोनातल्या ॲपकडे बोट दाखवलं. "म्हणजे मुलगी बघायला आला म्हणून बैठकीत बसवला, तर मेल्याने आत जाऊन कपाट उघडलं आणि माझी लुगडी गावभर वाटली."

"किल्ली तुम्हीच दिलीत."

सुषमाने परवानगी काढून घेतली. "यापुढचं थांबेल. पण नेलेलं त्यांच्याकडे आहेच. ते काढा म्हणून वेगळं कळवावं लागतं, तेही ज्याचा नंबर त्याने. काका, फोन द्या तुमचा, तुमचं मी आत्ता कळवते."

फोन दिल्यावर श्यामकांतना बसणं भाग पडलं. तेवढ्यात गोजरबाईने आपल्या फोनातली बाकीची ॲपंही सुनेसमोर ठेवली. टॉर्चला कॉन्टॅक्ट दिलेले निघाले. "उजेड पाडायला त्याला माझी माणसं कशाला?" बंद. पंचांगाला माईक. "मी शिंकले की राहुकाळ सांगणार आहे का?" बंद.

"पंचांगाचं लोकेशन राहू दे," सुषमा म्हणाली. "सूर्य उगवायची वेळ गावागणिक बदलते. पण फक्त वापरताना, चोवीस तास नाही."

बोलून लिहायचा माईक तेवढा ठेवला. तो काढला तर गोजरबाईचा धंदाच मुका.

श्यामकांत घसा खाकरून म्हणाले, "माझ्याही टॉर्चचं बघा जरा." मग खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "ते राहू दे. मुलीचं काय लिहिलंय? तेवढं दाखवा, मग रविवारचं बघू."

राजसीचं गोजरबाईला पाठ होतं: 'वांगणी राजसी पोरगी लाख घर लहान.' दाखवलं असतं तर गृहस्थ तिथल्या तिथे विरघळले असते. सुषमाही डोळ्यांनी दाखवा, दाखवा म्हणत होती.

"नाही दाखवत," गोजरबाई म्हणाली. "बैठकीत हवं तितकं बसा. कपाट नाही."

"मी मुलाचा बाप आहे."

"म्हणूनच. आज तिचं तुम्हाला दाखवलं, तर उद्या तुमचं तिच्या आईला दाखवीन. ॲपच्या बाबतीत मी अडाणीपणाने फसले. हे मात्र समजून केलेलं होईल."

विहीणबाई 'चिकट' वाचतायत, हे बहुतेक श्यामकांतांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. "तिच्या आईच्या फोनात ते ॲप आहे का?"

"साधा बटणांचा फोन आहे त्यांचा."

"बरं." ते खुर्चीत मागे टेकले. "रविवारी अकराला येतो आम्ही. पण ते चिकट तेवढं खोडा."

"पेढे कुठले आणता ते बघून ठरवते," गोजरबाई म्हणाली, आणि सुषमाला पोहे भिजवायला सांगितलं.