पोथीतला आणीबाणीचा कागद

लेक शिकायला जर्मनीला निघाली तेव्हा माझी श्रद्धा किती कच्ची होती, ते आधीच कबूल करते. रोज दत्तमहाराजांसमोर दिवा लावणारी मी, पण मनात सतत धाकधूक. आमचे हे चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी विभागात आहेत. लेकीच्या बॅगा भरायच्या आधी त्यांनी एक कागद लिहून काढला. वर ठळक अक्षरांत ‘आणीबाणी’, खाली रक्तगट, विम्याचा नंबर, तिला पेनिसिलीन चालत नाही हे इंग्रजीत आणि जर्मनमध्ये, शिवाय ती राहणार त्या घराच्या मालकीणबाईंचा फोन. मोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो कागद फ्रिजवर चिकटवून हे म्हणाले, “चला, एकदा ड्रिल करू. ही तिकडे चक्कर येऊन पडलीय असं समज. तू आधी कोणाला फोन लावशील?” माझं टाळकंच सरकलं. घरात अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, हे लहानपणापासून ऐकत आलेली बाई मी. “अहो, भरल्या घरात असलं बोलू नका,” म्हणून मी तिथून उठले. ते मागून म्हणाले, “अगं, आग लागावी म्हणून का आम्ही कंपनीत ड्रिल घेतो?” लेक खुर्चीत बसून हसत होती.

ती गेल्यावर फ्रिज उघडायला जावं तर तो शब्द डोळ्यांत खुपायचा. एके दिवशी मी कागद काढला, घडी केली आणि पोथीत घालून टाकला. महाराजांच्या ताब्यात दिला की त्यातलं काही खरं होणार नाही, असं माझं गणित. ह्यांना सांगितलं, कागद निघून पडला, जपून ठेवलाय.

पुढे तिच्या पहिल्या परीक्षेच्या सुमारास मी त्याच पोथीचं सात दिवसांचं पारायण धरलं. नियम ठरलेले. एकदा आसनावर बसलं की त्या दिवसाचं वाचन पुरं होईतो उठायचं नाही, मधे बोलायचं नाही. पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास स्वयंपाकघरात फोन वाजू लागला. मी वाचत राहिले. बंद होऊन पुन्हा वाजला. तरी हलले नाही. उलट मन चळलं म्हणून स्वतःलाच दटावलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी पान उलटत होते, आणि समोर तो कागद आला. ठेवला मीच होता, त्यात नवल काही नाही. पण कोणत्या पानात, ते पार विसरले होते. मी वाचन अर्धं टाकून उठले. असं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

लेकच होती. “आई, पोटात खूप दुखतंय गं, उभं राहता येईना...” एवढंच बोलली. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि पुढे नुसती शांतता. मी हाका मारत राहिले. अँब्युलन्स बोलवायची सोडून पोरीने आधी आईला फोन लावला होता. आपली मुलं हेच करतात. ह्यांची पहिली शिफ्ट, कंपनीच्या गेटवर मोबाईल जमा. कागद मात्र हातात होता आणि त्यावर ह्यांच्या अक्षरात होतं, ‘रडणं नंतर. तिथला अँब्युलन्सचा ११२ इथून लागत नाही. आधी मालकीणबाई. खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे.’ लेकीचा फोन कापायला हात धजेना. महाराज, मी आता रडणार नाही, बाकीचं तुम्ही बघा, असं म्हटलं, फोन कापला आणि तो नंबर लावला.

त्या बाईंचं इंग्रजी जेमतेम, माझं त्याहून जेमतेम. लेकीचं नाव, ‘की’ आणि ‘हॉस्पिटल’ एवढं मी घोकत होते. आणखी काय बडबडले ते आठवत नाही. पण सत्तरीच्या त्या बाई, गुडघे दुखत असताना, फोन कानाला लावूनच दोन जिने चढल्या. कुलूप उघडल्याचा आवाज मी मोशीत उभी राहून ऐकला. अँब्युलन्स त्यांनीच बोलावली. मी कागदाचा फोटो पाठवला, तो त्यांनी डॉक्टरांना दाखवला. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. पेनिसिलीनची ओळ वाचून डॉक्टरांनी औषध बदललं.

ऑपरेशन नीट झाल्याचा निरोप आला तेव्हा हे नुकतेच घरी आले होते. कागद कुठे ठेवला होता ते मी सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. बराच वेळ डोळे पुसत बसले, मग म्हणाले, “अन् वाचन?”

“अर्धं राहिलं.”

“मग बस. पुरं कर. मी फोन घेऊन इथंच बसतो.”

त्या संध्याकाळी वाचताना मला कळलं, की महाराजांवर भार टाकते म्हणत मी इतके दिवस फक्त भीती झाकत होते. भार टाकायचा तो आपल्याला जमेल तेवढं सगळं करून, आणि करता करता.

तिसऱ्या दिवशी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा उतरलेला, पण हसत होती. शेजारी मालकीणबाई सूपचा डबा घेऊन बसलेल्या. त्यांनी काहीतरी विचारलं. लेक म्हणाली, “आई, त्या दिवशी फोनवर तू सारखं ‘दत्त, दत्त’ म्हणत होतीस म्हणे. त्या विचारतायत, हे दत्त कोण? कागदावर त्यांनी नाव शोधलं, सापडलं नाही. त्या दत्तांना कळवायचं राहून गेलं, म्हणून बाईंना अजून चुटपुट लागलीय.”

मी स्क्रीनसमोर हात जोडले आणि लेकीला म्हटलं, “त्यांना सांग, काळजी करू नका. ते तुमच्याबरोबरच जिना चढले.”