चौथ्या क्वार्टरला उठणारी व्हर्लीन

आमच्या ओकाली गावात त्या डिसेंबरात नाताळच्या आधीच एक आनंदाची बातमी आली. कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या डिफेन्सच्या कोचची उचलबांगडी झाली. आमच्याकडचा, म्हणजे अमेरिकेतला फुटबॉल बॉल हातात घेऊन पळायचा असतो. माणूस वाईट नव्हता, चर्चमध्ये नेमाने यायचा, पण त्याचा डिफेन्स म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला गेलेलं घर. मॅचच्या चार क्वार्टरांपैकी तीन आम्ही पुढे असायचो आणि चौथ्यात समोरचे आमच्यामधून फिरायला निघाल्यासारखे पलीकडे जायचे. माझं टायरचं दुकान आहे. त्या मोसमात सोमवारी सकाळी गिऱ्हाइकांची तोंडं बघवत नव्हती.

जानेवारीत नवा कोच आला. ऑगस्ट ब्रूसार, लुइझियानाचा, डोक्यापेक्षा मान जाड असलेला माणूस. आला त्याच आठवड्यात कुणीतरी त्याला गवत कापायचं मशीन विकत घेताना पाहिलं आणि गावाचा जीव भांड्यात पडला. मशीन घेतलं म्हणजे माणूस टिकणार. ज्याला पळून जायचं असतं तो गवत दुसऱ्याकडून कापून घेतो. मग न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, माझ्या दुकानात, सगळीकडे विषय एकच. तो पोरांवर ओरडतो की नुसता बघतो? कॅटफिश खाताना दुसरी प्लेट मागितली ती कशाची खूण? आमचे पाद्री ब्रदर लामार आजाऱ्यांसाठी प्रार्थना करता करता डिफेन्सचंही नाव हळूच मध्ये घालू लागले. एप्रिलमध्ये आमच्याच पोरांच्या दोन टीम पाडून सरावाची मॅच झाली. ब्रूसारच्या डिफेन्सने आमच्याच पोरांना पुढे सरकू दिलं नाही आणि आम्ही टाळ्या पिटत घरी गेलो. आपली बॉल घेऊन पळणारी पोरंच इतकी वाईट असतील का, हा विचार कुणाच्या मनात आला असला तरी तो कुणी बोलून दाखवला नाही.

पण नव्या कोचवर सगळ्यात मोठी आशा लावून बसला होता माझा शाळेपासूनचा दोस्त, हॉलिस टॅडलॉक. आणि ती त्याच्या बायकोपायी.

त्याची बायको व्हर्लीन मोठ्या किराणा दुकानात केकच्या काउंटरवर असते. गावातल्या प्रत्येकाचं नाव तिने एकदा तरी क्रीमने लिहिलेलं आहे. बुटकी, गोल, बोलायला लागली की काउंटरमागची भट्टीसुद्धा वाट बघते. आमच्या टीमचं नाव सुतारपक्षी, म्हणून तिच्या टोपीवर लांब चोचीचा कापडी सुतारपक्षी बसवलेला असतो. स्टेडियममध्ये ती माझ्या बरोबर पुढे बसते, त्यामुळे मैदानाचा डावा कोपरा मी आयुष्यात पाहिलेला नाही.

निदान तीन क्वार्टर तरी. चौथा सुरू झाला की व्हर्लीन उठते आणि पार्किंगमध्ये जाते.

झालं होतं असं. फार वर्षांपूर्वी आम्ही मार खात होतो, थंडी पडली, आणि चौथ्या क्वार्टरला ती स्वेटर आणायला गाडीकडे गेली. ती परत येईपर्यंत आम्ही जिंकलो होतो. पुढच्या शनिवारी ती जागेवर बसून राहिली आणि आम्ही हरलो. त्याच्या पुढच्या शनिवारी ती बाहेर गेली, जिंकलो. झालं. आमच्या रांगेला ह्याहून जास्त पुरावा लागत नाही. नंतर ती बाहेर असतानाही आम्ही पुष्कळदा हरलो, पण त्याला प्रत्येक वेळी कारण होतं. एकदा ती उशिरा निघाली. एकदा भलत्याच दरवाज्याने गेली. आणि गेल्या मोसमात डिफेन्स असा होता की ती शेजारच्या राज्यात जाऊन बसली असती तरी काही फरक पडला नसता.

तेव्हा व्हर्लीन चौथा क्वार्टर हॉलिसच्या ट्रकजवळ घालवते. मॅचआधी आम्ही सगळे तिथेच जेवतो. उरलेलं तळलेलं चिकन झाकते, केळ्याचं पुडिंग बर्फात ठेवते, टेबल पुसते. मॅच संपली की हॉलिस धापा टाकत येतो आणि तिला सगळं सांगतो.

त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. नेमक्या त्याच शनिवारी घरच्या मैदानावर ग्रीनली टेक कॉलेजशी मॅच. ग्रीनली टेक आम्हाला वर्षानुवर्षं हरवत आलेलं, त्यामुळे गावात त्यांचं नाव घेऊन मुलांना दटावतात.

"तुला काय हवं?" व्हर्लीनने हॉलिसला विचारलं. मी तिथेच होतो, त्यांच्या व्हरांड्यात उकडलेल्या शेंगा खात.

हॉलिस आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस, बोलणं बेताचंच. तो म्हणाला, "तू बस. शेवटपर्यंत. एकदा जिंकताना तू माझ्या शेजारी हवीस."

"अरे, आणि हरलो तर?"

"नाही हरत. हा ब्रूसार वेगळा आहे. त्याच्या डिफेन्सपुढे तुझा अपशकुनही टिकायचा नाही."

"पन्नास वर्षांनी हे ऐकायला मिळालं! अपशकुन म्हणे."

"अगं, पन्नास वर्षं संसार केला आणि जिंकल्यावर मी मिठी कुणाला मारतो? ह्या वेंडेलला!"

वेंडेल म्हणजे मी. मलाही ते फारसं आवडत नाही, हॉलिस घामाघूम असतो. व्हर्लीन हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. तिने त्याला शब्द दिला.

हे जुलैत. ऑगस्टमध्ये मी पाव घ्यायला किराणा दुकानात गेलो, तर केकच्या काउंटरसमोर साक्षात कोच ब्रूसार. मुलीच्या वाढदिवसाचा केक सांगायला आला होता. माझा पाव घेऊन झाला होता, पण मी पावाच्या फडताळाशी जरा रेंगाळलो. माझ्यासारखे आणखी सातआठ जण रेंगाळत होते.

व्हर्लीनने मुलीचं नाव लिहून घेतलं आणि मग म्हणाली, "कोच, तुम्हाला हसू येईल, पण एक विचारू का? मी इतकी वर्षं चौथ्या क्वार्टरला बाहेर जाते. टीमसाठी. ग्रीनलीच्या मॅचला मात्र बसणार आहे, नवऱ्याला शब्द दिलाय. तुमच्या डिफेन्सला चालेल ना?"

आम्हाला वाटलं, हा कॉम्प्युटर घेऊन फिरणारा माणूस, आता हसेल. उलट त्याचा चेहराच पडला.

"बाहेर म्हणजे कुठे, मॅडम?"

"पार्किंगमध्ये."

"कुठल्या दरवाज्याने?"

"पश्चिमेच्या."

"आणि मागच्या मोसमात एखादी मॅच शेवटपर्यंत बसून पाहिलीत?"

"एकही नाही."

ब्रूसारने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, मी पहिल्यांदा नेहमी डावा बूट घालतो. जिंकत असलो तर मोजे धूत नाही. बायको वेगळ्या खोलीत झोपते. तुमच्या संसारात मला पडायचं नाही, पण कृपा करून काही म्हणजे काही बदलू नका."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आता व्हर्लीनची पंचाईत बघा. एकीकडे नवऱ्याला दिलेला शब्द, दुसरीकडे डिफेन्सच्या कोचने केकच्या काउंटरवर हात जोडलेले.

मोसम सुरू झाला आणि ब्रूसारच्या पोरांनी कमाल केली. घरच्या प्रत्येक मॅचला व्हर्लीन चौथ्या क्वार्टरला पश्चिमेच्या दरवाज्याने बाहेर गेली आणि प्रत्येक मॅच आम्ही जिंकलो. जिंकलो की हॉलिस मला मिठी मारायचा आणि कानात म्हणायचा, "ऑक्टोबर येऊ दे."

ऑक्टोबर आला. शनिवारची दुपार, ऊन लख्ख, स्टेडियम गच्च. तीन क्वार्टर संपले तेव्हा आम्ही चार गुणांनी पुढे होतो. तिच्या रांगेने सवयीने पाय आत घेतले, व्हर्लीनला जायला वाट करून दिली. व्हर्लीन बसलेलीच. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर.

"व्हर्लीन," मी मागून म्हटलं, "चौथा सुरू होतोय."

"मला कळतं, वेंडेल."

"नाही, म्हणजे पुडिंग उन्हात असेल."

"असू दे."

ब्रदर लामार पुढे वाकले. "मिस व्हर्लीन, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं हे काही धर्मात बसत नाही, हे मीच तुम्हाला सांगत आलोय. पण तुम्हाला जरा पाय मोकळे करावेसे वाटत असतील तर आम्ही कुणी काही म्हणणार नाही."

"मी शब्द दिलाय," व्हर्लीन म्हणाली. हॉलिसने तिचा हात धरला. खाली मैदानाच्या कडेला ब्रूसार मागे वळून वर बघत होता. आमच्याकडेच बघत होता असं मी शपथेवर सांगणार नाही, पण तो टोपीवरचा पक्षी लांबूनही दिसतो.

आमच्याकडे पद्धत अशी आहे: बॉल आपल्या पोरांकडे असला की चिडीचूप बसायचं, त्यांना एकमेकांच्या खुणा ऐकू यायला हव्यात. समोरच्यांना मात्र दहा यार्ड जायला चार संधी, आणि त्यांची तिसरी आली की प्रत्येकाने आपला पाइनचा ठोकळा काढायचा आणि लाकडी बाकावर बडवायचा. सगळं स्टेडियम सुतारपक्षी होतं. बॉल ग्रीनलीकडे होता आणि आता ठोकळे काढायची वेळच येईना, कारण पहिल्याच संधीत ते वीस यार्ड गेले. दुसऱ्यात आणखी पंधरा. ब्रूसारची भिंत, जी सगळा मोसम हलली नव्हती, तिला भगदाड पडलं. आमच्या रांगेत कुणी व्हर्लीनकडे बघत नव्हतं, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

आणि मग हॉलिस उठला. त्याने हॅट डोक्यावर ठेवली आणि बायकोला म्हणाला, "चल."

"अरे, मी बसते ना. तूच म्हणालास."

"मी म्हणालो शेजारी हवीस. शेजारी कुठेही बसता येतं. चल, ऊठ."

हॉलिस टॅडलॉकने उभ्या जन्मात चौथा क्वार्टर चुकवला नव्हता. त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं तेव्हाही तो उशी घेऊन आला होता. दोघं पश्चिमेच्या दरवाज्याने बाहेर गेली. रांगेतल्या सगळ्यांनी टोप्या काढल्या. मला मैदानाचा डावा कोपरा स्वच्छ दिसू लागला, आणि खरं सांगतो, बघवेना.

बाहेर काय झालं ते हॉलिसने मला नंतर दुकानात सांगितलं. ट्रकच्या मागच्या फळीवर दोघं बसली. व्हर्लीनने गोड चहा ओतला. हॉलिसला सुचेना काय करावं. भिंतीपलीकडे मॅच आणि हा ग्लास धरून.

"आता काय चाललं असेल?" तो म्हणाला.

"ठोकतायत. त्यांची तिसरी." व्हर्लीनने मान जरा कलती केली. "हं, थांबवलं. बघ, बायका ओरडल्या आधी, मग बाप्ये. आता लाथ मारून बॉल देतील आपल्याला."

आत शांतता झाली. "आपला बॉल," ती म्हणाली. शांतता लांबली, मग एक मोठा सुस्कारा आला. "गेला. आपल्याला काही जमलं नाही. परत त्यांचा."

असं तिने अख्खा क्वार्टर सांगितला. शेवटी ठोकळ्यांचा आवाज सुरू झाला तो थांबेचना. "आपल्या दाराशी आलेत," व्हर्लीन म्हणाली आणि तिने हॉलिसचा गुडघा घट्ट धरला. "चौथी संधी. शेवटची असणार. ऐक, त्यांचा बँड त्या टोकाला आहे. तो वाजला तर मेलो." ठोकळे एकदम थांबले. मग स्टेडियम असं गरजलं की ट्रकची काच थरथरली, आणि आमचा बँड सुरू झाला.

"जिंकलो?" हॉलिस म्हणाला.

"जिंकलो रे!"

त्याने तिला मिठी मारली, चहा दोघांच्या अंगावर. बऱ्याच वेळाने त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"व्हर्लीन, म्हणजे तुला इथे सगळं कळतं?"

"कळतं की. डिफेन्स तर सगळा कानांनी बघता येतो."

"मग इतकी वर्षं मी धावत येऊन सांगायचो ते? तू तर 'हो का! मग? मग काय झालं?' असं विचारायचीस!"

"विचारणारच ना. तू किती छान करून दाखवायचास. त्याने कसा पकडला, हा कसा पडला, गाड्यांच्या मधून पळून दाखवायचास. सगळ्या मॅची मी तुझ्यातच पाहिल्यात, हॉलिस."

हे सांगताना हॉलिसने माझ्या दुकानातला टायर उगाचच दोनदा उचलून पुन्हा खाली ठेवला.

आता त्यात एकच अडचण झाली. पुढच्या शनिवारी तिसरा क्वार्टर संपला आणि त्यांच्या रांगेने पाय आत घेतले. व्हर्लीन उठली. हॉलिस बसलेला. रांग त्याच्याकडे बघत राहिली. ब्रदर लामार खाकरले. हॉलिसने एकदा मैदानाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि निमूट हॅट घेतली.

तेव्हापासून जिंकलो की धावत पार्किंगमध्ये जायचं काम माझ्याकडे आलं आहे. दोघं ट्रकच्या फळीवर पाय हलवत बसलेली असतात. माझे गुडघे गेलेत, तरी मी त्यांना सगळं करून दाखवतो, ब्रूसारच्या पोरांनी कशी भिंत धरली, शेवटचा गडी कसा आडवा झाला. एकदा तर पुडिंगच्या टेबलावर पडलो. दोघांना सगळं आधीच ठाऊक असतं आणि मला ते ठाऊक आहे. तरी व्हर्लीन डोळे मोठे करते, हॉलिस पुढे सरकतो आणि दोघं एकदम म्हणतात, "हो का! मग, वेंडेल? मग काय झालं?"