मनोरमावहिनीचा सोमवार

आमचा दशरथदादा औषधांच्या कॉलेजात प्रयोगाचे उंदीर सांभाळायचा. लोक हसायचे आणि मी त्यांच्याशी भांडायचे. बाकी सगळी कामं तो आनंदानं करी, पण प्रयोगाच्या आदल्या दिवशी उंदरांचं खाणं काढून घ्यायचं, ते त्याच्या जिवावर यायचं.

दोन हजार सहा साली तिथे रुचितामॅडमचा प्रयोग चालू होता. उपाशी उंदरांना सांधेदुखीची गोळी द्यायची. त्यांच्या पोटाच्या अस्तरावर लाल जखमा उठायच्या. काहींना आधी अल्सरची कॅप्सूल द्यायची, त्यांचं अस्तर बरंच शाबूत राहायचं. मॅडम म्हणाल्या, “दशरथभाऊ, ही कॅप्सूल नुसती ॲसिड कमी करत नाही. तुमच्याकडे खाडीच्या खाऱ्या हवेनं खिडकीचे गज गंजतात ना, तसं काहीसं त्या गोळीनं पोटात होतं. तेही ही अडवते, असं दिसतंय.”

दादानं गोळीचं पाकीट पाहिलं. मनोरमावहिनी गुडघ्यांसाठी दीड वर्षं हीच गोळी घेत होती. डॉक्टरांनी सोबत कॅप्सूलही दिली होती, म्हणून तो निर्धास्त होता. पण त्या दिवशी सोमवार होता, वहिनीचा उपास. तो सुट्टी टाकून तडक पूनम सागर सोसायटीतल्या घरी आला.

“कॅप्सूल घेतलीस?”

“ती जेवणाआधीची. आज जेवणच नाही, मग कशाला?”

“आणि गुडघ्याची?”

“ती घेतली कोऱ्या चहाबरोबर. तिच्याशिवाय उठवतच नाही हो.”

सोमवार, चतुर्थी, एकादशी. त्या सगळ्या दिवसांच्या कॅप्सूल बाईनं डब्यात जपून ठेवल्या होत्या. तीन दिवस शौचाला काळं होत होतं, म्हणजे पोटात रक्त वाहत होतं, तेही लाजेपायी बोलली नव्हती. मला आजही तिचा राग येतो. जिवापेक्षा लाज मोठी असते का गं, वहिनी? भाईंदरच्या हॉस्पिटलात रक्त चढवलं, पण बुधवारी ती गेली.

तेराव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी दादाला म्हटलं, “वहिनीचा उपास आता तू धर. तिच्या जिवाला बरं वाटेल.”

त्यानं ताट पुढे ओढलं.

“वाढ, सुचेता. उपाशी पोटाचं काय होतं, ते मी सात वर्षं बघतोय. घरात मात्र एकदाही विचारलं नाही.”

मी भात वाढला. त्यानं पहिला घास उचलला आणि पुन्हा ताटात ठेवला.