पापणीवरचा डाग

"पोरीला जिन्यातच बसव. बारशाचा दिवस आहे, बाळावर तिची सावली नको."

वहिनी हे पाहुण्यांसमोर बोलल्या. वाशीतल्या त्यांच्या घरी मी धुणंभांडी करायचे, नवरा मार्केटात पोती उचलायचा. माझी वैशाली तेव्हा तीन वर्षांची. जन्मापासून उजव्या बाजूला कपाळावर, पापणीवर, गालावर जांभळट लाल डाग. दवाखान्यात म्हणाले, जन्मखूण आहे, राहू दे. सासू म्हणायची, ग्रहणात विळी हातात घेतलीस. मी दोघांचंही खरं मानलं. पोर पेढा धरून जिन्यात बसली आणि मी पाहुण्यांच्या बश्या धुतल्या.

महिन्याभराने बाळाच्या गालावर लाल ठिपका उठला. वाटाण्याएवढा. लगेच मुंबईचा मोठा डॉक्टर, टॅक्सी, तपासण्या. मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? त्या गोऱ्या गालाचा नाही, त्या धावपळीचा. माझ्या लेकीचं अर्धं तोंड रंगलेलं, तिच्यासाठी कुणी पायात चप्पल सरकवली नव्हती. त्या बाळाला झोपवताना मी आतून जळत होते.

वहिनी हसतच परतल्या. मी फरशी पुसत होते, त्या फोनवर बहिणीला सांगत होत्या.

"अगं, आपोआप जाईल म्हणाले. तो पापणीवरचा पसरट असतो ना, तो वाईट. नुसता डाग नसतो तो, आतल्या आजाराची खूण. डोळा जातो, फिट येतात."

माझा हात थांबला. "वैनी, पापणीवरचा म्हंजी? आमच्या वैशीसारखा?"

"हो, तसाच. पण तुमच्यात पोरं वाढतातच गं अशी. तो कोपरा राहिला बघ."

मी फडकं बादलीत टाकलं. "तुमीच पुसा."

पोरीला घेऊन थेट सरकारी हॉस्पिटल गाठलं. शिपाई म्हणाला, "नंबर संपले." मी दारात बसकण मारली. "पोरीचा डोळा बगितल्याबिगर हलत नाय."

दुपारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रक्तवाहिन्यांचा दोष, गर्भातच पेशीत झालेला. तुझी काही चूक नाही, म्हणाल्या. पण उजव्या डोळ्यातला दाब वाढलेला. त्या डोळ्याची निम्मी नजर गेली होती, ती परत येणार नव्हती. उरलेली राखायची. मेंदूचाही फोटो काढायला सांगितला.

बायका म्हणतात, हेवा सोड, जीव पोखरतो. मी सोडणार नाही. त्या बाळाला न मागता मिळालं ते मी वैशालीसाठी मागून घेईन, भांडून घेईन. समोरचा डॉक्टर कितीही मोठा असो, मला नीट कळेपर्यंत मी खुर्ची सोडणार नाही.