पाळीवर न मांडलेला हिस्सा

गोंडपिपरीकडच्या आमच्या ढिवरांच्या गावात तलावाची मासोळी वाटायचा मान रंभाबाईचा होता. जाळं ओढून झालं की ती तलावाच्या बांधावर, पाळीवर, पळसाची पानं पसरायची आणि घरागणिक एकेक हिस्सा मांडायची. एखाद्या पानावर मोठी मरळ गेली, तर शेजारच्या पानावर बारीक मासोळीची भर पडे. तिच्या हाताला तराजू कधी लागला नाही, आणि तिच्या वाटणीवरून भांडण झालेलं मी तरी ऐकलं नाही.

एकच हिस्सा ती पाळीवर मांडत नसे. ज्या घरावर बदनामीची आफत आली, त्या घरच्या बाईला चार माणसांत उभं राहावं लागू नये, म्हणून तिचा हिस्सा टोपलीत झाकून दारी नेऊन ठेवायचा. नेणाऱ्यानं बोलायचं नाही, घेणारीनं नाही, आणि गावानंही त्याचा उच्चार करायचा नाही.

शहाऐंशी साली त्याच तलावावर गावातल्या गोविंदाचा खून झाला. पोलिसांनी गावातल्याच इस्तारीला धरून चंद्रपूरच्या जेलात ठेवलं. त्याची बायको वच्छला लेकरांना घेऊन घर धरून राहिली. तो सुटून येईल तेव्हा दार उघडं दिसावं, एवढीच तिची आस. रंभाबाई तिचा हिस्सा गुपचूप पोचवत राहिली.

वर्षभरानं मुंबईची माणसं जीप घेऊन आली. या खुनावर ती टीव्हीसाठी फिल्म करत होती. खुनाबद्दल रंभाबाईला त्यांनी काहीच विचारलं नाही. गाव कसं जगतं ते दाखवायला त्यांना कोणीतरी हवं होतं, आणि ती पाळीवर हिस्से मांडत होती. कॅमेरा पाहून तिनं पदर नीट केला. मग एकानं विचारलं, यातला इस्तारीच्या घरचा कोणता?

"त्यायचा इथी मांडत नाई," ती म्हणाली, आणि रिवाजाप्रमाणे पुढे गप्प झाली.

फिल्म लागली तेव्हा ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढे सारं गाव बसलं होतं, वच्छलाही. रंभाबाई पडद्यावर दिसली तशी पोरं हसली. कोणी म्हणालं, बाई आता वडशाच्या नाटक कंपनीत जाते वाटते. तेवढ्यात तिचं ते वाक्य आलं, आणि त्यामागून एक भारदस्त आवाज म्हणाला की गावानं या घराला वाळीत टाकलं आहे. हसू थांबलं. रंभाबाईनं मांडीवरचे हात पदराखाली घेतले. खोटं ती एक अक्षर बोलली नव्हती, आणि तरी ते सारं तिच्याच तोंडून निघालं होतं.

आठवड्याच्या आत वच्छलाचा भाऊ पत्रू बैलगाडी जुंपून आला. त्याच्या गावानंही फिल्म पाहिली होती. बहिणीला आणि लेकरांना तो घेऊन जाणार होता. रंभाबाई धावत गेली. हिस्सा आपण दर वेळी पोचवला, हे तिनं पहिल्यांदा तोंडानं सांगितलं.

"मंग तवा काऊन नाई सांगतलं, बाई?" पत्रू म्हणाला. "तवा का तोंडात मासोळी होती?"

वच्छलानं भावाला थांबवलं. बाईनं आम्हाला उपाशी ठेवलं नाही, असं तिनं त्याला सांगितलं, आणि मग ती रंभाबाईकडे वळली.

"पण आता झाकून नोको आणू. साऱ्या मुलखानं मले हाकललेलं पाह्यलं. राहीन तं पाळीवर येऊन घेईन. नाईतं जातो मी भावासंगं."

रंभाबाईनं हो म्हटलं. नाही म्हणायला तिला तोंडच नव्हतं. पत्रू रिकामी गाडी घेऊन परतला.

पुढच्या जाळ्याला तिनं वच्छलाचं पान मांडलं. वच्छला टोपली घेऊन आली, मान वर करून. समोर खून झालेल्या गोविंदाची आई, म्हातारी सोमारीबाई उभी होती. इस्तारीची बायको सगळ्यांदेखत मासोळी उचलते आहे, हे तिनं पाहिलं आणि आपला हिस्सा तिथंच टाकून ती पाळ उतरू लागली. ती झाकलेली टोपली सोमारीबाईला हे पाहावं लागू नये म्हणूनही होती, हे रंभाबाईला तेव्हा कळलं. ती मागे धावली आणि वाटेत तिनं म्हातारीचा हात धरला.

सोमारीबाईनं हात सोडवून घेतला.

"तिचं आयकलं तू. तिच्या भावाचं आयकलं. मले कोणं विचारलं?"

वच्छला गावात राहिली. सोमारीबाई मात्र पुन्हा पाळीवर आली नाही. तिचा हिस्सा रंभाबाई दर वेळी दारापर्यंत नेई, आणि म्हातारी तो घेत नसे.